ब्रेड अँड पपेट थिएटर

महाकाय बाहुल्या, मुखवटे आणि रस्त्यावरच्या मिरवणुका यांतून राजकीय व सामाजिक प्रश्न मांडणारी अमेरिकेतील नाट्यमंडळी. मूळचे जर्मन असलेले शिल्पकार व नर्तक पीटर शूमन (जन्म १९३४) यांनी ती १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत सुरू केली. सुरुवातीचे विषय वस्तीतलेच होते : घरभाडे, उंदीर, पोलीस. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चांमुळे मंडळीचे नाव देशभर झाले. १९७० मध्ये तिचा मुक्काम व्हरमाँट राज्यात हलला आणि त्या दशकाच्या मध्यापासून तो ग्लोव्हर गावच्या शेतावर आहे. खेळानंतर राय (rye) या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा जाडाभरडा पाव लसणाच्या झणझणीत वाटणासह प्रेक्षकांना फुकट वाटतात. नावातला ‘ब्रेड’ तो हाच. कला पावाइतकीच स्वस्त आणि रोजच्या गरजेची असावी, ही भूमिका मंडळीने १९८४ च्या ‘स्वस्त कले’च्या जाहीरनाम्यातही मांडली.

बाहुल्यांची घडणही या काटकसरीतूनच आलेली आहे. चेहरा आधी ओल्या मातीत घडवतात. नाकपुड्या, कानामागची जागा असे आत वळणारे खोलगट भाग ठेवले, तर वाळलेला मुखवटा मातीवरून सुटत नाही. म्हणून उतार बाहेरच्याच बाजूला ठेवतात. मातीवर पातळ प्लास्टिक पसरून खळीत भिजवलेले खाकी कागद चिकटवतात. कागद कापायचा नाही, फाडायचा. फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळतात, कापलेल्या कडांची रेघ रंगाखालूनही दिसते. खळ दोन्ही बाजूंना हवी. चार ते सहा थर पुरतात, मात्र ते एकाच बैठकीत चढवले तर आतला कागद ओला राहून बुरशी धरतो. आलटून पालटून खाकी कागद आणि वर्तमानपत्र वापरले, की कुठला थर कुठे राहिला ते लगेच कळते. पूर्ण वाळण्याआधी उचललेला चेहरा गालाकडे बसतो आणि मग सरळ होत नाही.

साध्या मोठ्या बाहुलीला किमान तीन माणसे लागतात. एकजण पाठीवरच्या चौकटीत रोवलेल्या काठीवर डोके पेलतो, दोघे लांब काठ्यांवर एकेक हात सांभाळतात. अंग म्हणजे जुन्या चादरींचा शिवलेला झगा. चार-पाच मीटर उंचीवर चेहऱ्याचे बारकावे कुणाला दिसत नाहीत, म्हणून डोळे, कपाळ व हनुवटी ढोबळ ठेवतात. वजनापेक्षा वारा जास्त घात करतो. चादर शिडासारखी फुगते आणि डोके धरणारा मागे ओढला जातो. झग्याला चिरा देणे किंवा पाठीमागून दोऱ्यांनी ताण धरणे हे त्यावरचे उपाय. झग्याच्या आतल्याला पुढचे फारसे दिसत नसल्याने एक वाटाड्या सोबत चालतो. विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या आणि कमानी आदल्या दिवशी पाहून ठेवाव्या लागतात. रंगाचा जलरोधक हात नसेल तर पावसात कागद लगद्यावर येतो.

मिरवणुकीतले बहुतेक हात नवख्या स्वयंसेवकांचे असतात. त्यामुळे हालचाली थोड्या आणि सोप्या ठेवतात : थांबणे, वळणे, हात वर करणे. खूण ढोलाची, घोषणांच्या गोंगाटात तोंडी सूचना पोचत नाही. १२ जून १९८२ रोजी अण्वस्त्रांविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या विराट मोर्चातही मंडळीचा मोठा ताफा होता. अशा वेळी चूक होते ती बहुधा गतीची. पुढचे लोक भरभर पाय उचलतात, मोठ्या बाहुल्या मागे पडतात आणि मधे पडलेल्या रिकाम्या रस्त्यामुळे दृश्याचा क्रमच तुटतो. चाल सर्वांत जड बाहुलीची धरावी.

ग्लोव्हरला दर उन्हाळ्यात उघड्या माळावर भरणारी ‘डोमेस्टिक रेझरेक्शन सर्कस’ हजारोंची गर्दी खेचू लागली. १९९८ मध्ये छावणीच्या जागेतील मारामारीत एकाचा मृत्यू झाला आणि तो महोत्सव बंद करण्यात आला. त्यानंतर उन्हाळ्यातले प्रयोग लहान प्रमाणावर होत राहिले.

नागपूरच्या मारबत मिरवणुकीतले बडगे (पुतळे) हेही चालू प्रश्नांवर बोट ठेवतात, पण ते शेवटी जाळले जातात. ग्लोव्हरच्या बाहुल्या १८६३ च्या एका जुन्या कोठारातील संग्रहालयात दाटीवाटीने उभ्या आहेत. तिथे त्यांना खरा धोका दमट हवा आणि उंदरांचा; खळ म्हणजे उंदरांच्या दृष्टीने खाऊच.