एनएचएलची सॅलरी कॅप आणि तिच्या वीस वर्षांतल्या पळवाटा

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग. तिथे २०२५-२६च्या हंगामापासून एक नवा नियम लागू झाला. प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, प्रत्येक सामन्यात संघ जे २० खेळाडू उतरवेल, त्यांच्या पगारांची बेरीज सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेच्या, आत बसली पाहिजे. कॅप आहे म्हटल्यावर ती विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅन्ले कपच्या सामन्यांना लागू असणारच, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कॅप आली २००५ मध्ये आणि प्लेऑफला ती लागू व्हायला २० वर्षं गेली. मधल्या काळात काही संघांनी कॅपच्या कितीतरी वर जाऊन कप उचलले आणि तेही नियम न मोडता. हे कसं घडलं, हे कळायला कॅप मुळात कशासाठी आली तिथपासून सुरुवात करावी लागते.

१९९०च्या दशकात खेळाडूंचे पगार झपाट्याने चढले. कॅनडातल्या संघांची कमाई कॅनेडियन डॉलरमध्ये आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये, त्यामुळे त्यांचं कंबरडं मोडलं. क्युबेकचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला, विनिपेगचा १९९६ मध्ये फिनिक्सला. २००३-०४ मध्ये डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क रेंजर्स खेळाडूंवर ७ कोटी डॉलरच्या वर खर्च करत होते, तर तळाचे संघ त्याच्या निम्मेही नव्हते. एवढं करून रेंजर्स त्या वर्षी प्लेऑफलाही पोहोचले नाहीत, हा भाग वेगळा. पण छोट्या शहरांतल्या मालकांना पैशांची ही शर्यत झेपत नव्हती, हे खरं होतं.

कमिशनर गॅरी बेटमन यांना खर्चावर पक्की मर्यादा हवी होती. खेळाडूंच्या संघटनेचे बॉब गुडनाव म्हणत होते, कॅप कदापि नाही. १६ सप्टेंबर २००४ ला टाळेबंदी सुरू झाली आणि १६ फेब्रुवारी २००५ ला अख्खा हंगाम रद्द झाला. १९१९ मध्ये फ्लूच्या साथीमुळे अंतिम मालिका अर्धवट सुटली होती, त्यानंतर पहिल्यांदाच त्या वर्षी स्टॅन्ले कप कोणालाच मिळाला नाही. शेवटी खेळाडू नमले. चालू करारांतले पगार २४ टक्क्यांनी कापले गेले, २००५-०६ साठी ३ कोटी ९० लाख डॉलरची कॅप ठरली आणि खालच्या बाजूला एक किमान मर्यादाही आली. इतका खर्च प्रत्येक संघाने दाखवलाच पाहिजे, असं बंधन.

‘दाखवलाच पाहिजे’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आयपीएलच्या लिलावात संघाच्या थैलीत जेवढे पैसे असतात, त्यातूनच बोली लावायची असते. थैली रिकामी झाली की विषय संपला. एनएचएलची कॅप तशी नाही. तिथे खेळाडूला त्या वर्षी खरोखर किती पैसे मिळाले हे मोजत नाहीत. कराराची एकूण रक्कम भागिले करारातली वर्षं, असं करून येणारी सरासरी दर वर्षी कॅपमध्ये धरतात. खरा पैसा आणि कॅपमधला आकडा यांच्यात अंतर पडलं ते इथेच, आणि संघांच्या हिशेबनिसांना ते दिसायला फार वेळ लागला नाही.

समजा एका खेळाडूला पहिली सात वर्षं भरघोस पगार द्यायचा आहे. करार बारा वर्षांचा करायचा आणि शेवटच्या चार वर्षांत नाममात्र रक्कम लिहायची. सरासरी खाली येते, कॅपमध्ये जागा उरते. शिकागोने २००९ मध्ये मारियान होसाशी असाच करार केला. सुरुवातीच्या वर्षांत ७९ लाख डॉलर, शेवटच्या चार वर्षांत फक्त १० लाख, आणि कॅपमध्ये धरायचे ५२ लाख ७५ हजार. करार संपताना होसाचं वय ४२ असणार होतं. त्या वयापर्यंत तो खेळेल असं सही करणाऱ्यांनाही वाटत नसावं. त्याच वर्षी व्हँकुव्हरने गोलरक्षक रोबेर्टो लुओंगोशी १२ वर्षांचा, ६ कोटी ४० लाखांचा करार केला. लीगने हे दोन्ही करार नोंदवून घेतले. शिकागोने होसाला घेऊन २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीन कप जिंकले.

२०१० च्या जुलैमध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने कडेलोट केला. इल्या कोव्हालचुकशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार. यातले ९ कोटी ५० लाख पहिल्या दहा वर्षांत मिळणार होते. पाच हंगाम तर दर वर्षी १ कोटी १५ लाख. शेवटच्या पाच हंगामांत मात्र वर्षाला साडेपाच लाख. कॅपमध्ये धरायचे सरासरी ६० लाख, म्हणजे पगाराच्या भरात त्याला मिळणार होतं त्याच्या जवळजवळ निम्मे. करार संपताना कोव्हालचुक ४४ वर्षांचा झाला असता. लीगने हा करार नामंजूर केला, संघटना लवादाकडे गेली आणि लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगची बाजू उचलून धरली. डेव्हिल्सने मग १५ वर्षांचा, १० कोटींचा सुधारित करार केला. त्यांना ३० लाख डॉलरचा दंड झाला, शिवाय ड्राफ्टमधल्या, म्हणजे दर वर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतल्या, निवडी काढून घेण्याची शिक्षाही झाली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो कोव्हालचुक २०१३ मध्ये एनएचएलमधून निवृत्ती जाहीर करून रशियाच्या लीगमध्ये खेळायला निघून गेला.

पुढची टाळेबंदी २०१२ मध्ये झाली आणि हंगाम ४८ सामन्यांवर आला. त्यातून जो करार निघाला, त्याने ही वाट बंद केली. स्वतःच्या खेळाडूशी जास्तीत जास्त आठ वर्षांचा, बाहेरच्याशी सात वर्षांचा करार. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात पगार किती बदलू शकतो यावरही बंधन आलं. पण लीग एवढ्यावर थांबली नाही. आधी केलेल्या लांबलचक करारांतला खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला, तर कॅपमध्ये मिळालेला फायदा त्या संघाकडून वसूल करायचा, असा नियम तिने मागच्या तारखेपासून लावला.

ही मागच्या तारखेची वसुली मला आजही पटत नाही. लुओंगोचा करार लीगच्याच कार्यालयाने तपासून नोंदवला होता. २०१४ मध्ये व्हँकुव्हरने त्याला फ्लोरिडाकडे पाठवला, २०१९ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्यानंतर सलग तीन हंगाम व्हँकुव्हरच्या कॅपमध्ये सुमारे ३० लाख डॉलरचं भोक पडून राहिलं. मैदानात नसलेल्या, पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या संघात गेलेल्या गोलरक्षकासाठी. पळवाट शोधली म्हणून व्हँकुव्हरला दोष द्यायचा, तर ती तपासून मंजूर करणाऱ्यांना का नाही? होसाच्या बाबतीत हे घडलं नाही, कारण तो कागदोपत्री निवृत्तच झाला नाही. २०१७ मध्ये त्वचेच्या आजारामुळे त्याचं खेळणं थांबलं, त्याचं नाव दीर्घकालीन जखमींच्या यादीत गेलं आणि पुढच्या वर्षी त्याचा करार ॲरिझोनाच्या गळ्यात पडला.

गळ्यात पडला म्हणतो, पण ॲरिझोनाने तो हौसेने घेतला होता. किमान मर्यादेचा इथे संबंध येतो. गरीब संघाला किमान खर्च दाखवायचा असतो आणि खिशात तेवढे पैसे नसतात. अशा वेळी ज्याचा कॅपमधला आकडा मोठा पण प्रत्यक्ष पगार नाममात्र, किंवा ज्याचा पगार विमा कंपनी भरते, असा न खेळणारा खेळाडू सोन्यासारखा. ख्रिस प्रॉन्गरची गोष्ट यात सगळ्यात विचित्र. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच्या डोळ्याला काठी लागली आणि पुढच्याच महिन्यात त्याचं खेळणं कायमचं बंद झालं. फिलाडेल्फियाने त्याच्याशी जो करार केला होता, तो ३५व्या वर्षानंतर सुरू होणारा होता. अशा करारातला खेळाडू निवृत्त झाला तरी आकडा कॅपमधून जात नाही, म्हणून तो निवृत्तच होऊ शकला नाही. पुढे लीगच्याच खेळाडू-सुरक्षा विभागात त्याला नोकरी लागली. जून २०१५ मध्ये त्याचा करार ॲरिझोनाला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. लीगचा नोकर, हॉल ऑफ फेमर आणि ॲरिझोनाचा पगारी खेळाडू, तिन्ही एकाच वेळी. २०१६ मध्ये पावेल दात्सुक रशियाला परतला, तेव्हा त्याचा ७५ लाखांचा आकडाही डेट्रॉइटकडून ॲरिझोनाकडेच आला. बदल्यात ॲरिझोनाला ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळाली.

आता जखमींच्या यादीकडे येऊ, कारण कप जिंकून देणारी खरी पळवाट इथेच होती. मूळ नियम माणुसकीचा आहे. खेळाडू किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल, तर त्याच्या पगाराएवढी रक्कम संघाने कॅपच्या वर खर्च करावी आणि बदली खेळाडू आणावा. तो बरा होऊन परतला की संघाने पुन्हा कॅपच्या आत यायचं. पण कॅप मोजली जायची रोजच्या रोज, आणि तीही नियमित हंगामापुरती. कारण पगार त्याच दिवसांचा असतो, प्लेऑफमध्ये खेळाडूंना वेतन नसून लीगच्या बोनसमधला वाटा मिळतो. हंगामाचा शेवटचा दिवस मावळला की मोजणी बंद. मग बरा झालेला खेळाडूही हवा आणि त्याच्या जागी आणलेलेही हवेत, असं म्हणायला आडकाठीच नव्हती.

शिकागोच्या पॅट्रिक केनचं गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) फेब्रुवारी २०१५ मध्ये मोडलं. त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत शिकागोने अँट्वान व्हर्मेट आणि किमो टिमोनन यांना आणलं. केन प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला हजर झाला. अंतिम मालिकेतल्या दोन सामन्यांत विजयी गोल केला व्हर्मेटने.

टॅम्पा बेने हे पूर्ण हंगामावर नेलं. डिसेंबर २०२० मध्ये निकिता कुचेरोव्हच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि करोनामुळे ५६ सामन्यांचा झालेला तो अख्खा हंगाम त्याने बाहेर काढला. त्याचे ९५ लाख मोकळे झाले. त्याच महिन्यात टॅम्पाने ओटावाकडून मारियान गाबोरिक आणि अँडर्स निल्सन हे दोन जखमी खेळाडू घेतले. दोघांपैकी कोणी टॅम्पासाठी बर्फावर पाय ठेवणार नव्हता. पण त्यांचे आकडे जखमींच्या यादीत टाकता येत होते, आणि तेवढी कॅपच्या वर जाण्याची मुभा वाढत होती. ओटावाने टॅम्पाचे दोन खेळते खेळाडू घेतले, त्यामुळे टॅम्पाचा तोही बोजा हलका झाला. कॅप तेव्हा ८ कोटी १५ लाखांची होती. प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात कुचेरोव्ह परतला तेव्हा टॅम्पाचा संघ तिच्या सुमारे १ कोटी ८० लाख वर होता. कुचेरोव्हने त्या प्लेऑफमध्ये ३२ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवले, सगळ्यांत जास्त. हरलेल्या कॅरोलायनाच्या डगी हॅमिल्टनने हा आकडा उघडपणे बोलून दाखवला. कप जिंकल्यावर कुचेरोव्हने ‘कॅपच्या वर १ कोटी ८० लाख’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला टी-शर्ट घालून जल्लोष केला.

तो टी-शर्ट बघून अनेकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला मात्र कुचेरोव्हला खोटारडा म्हणणं अन्यायाचं वाटतं. शस्त्रक्रिया खरी होती, लीगच्या तपासणीत काही गैर आढळलं नाही. व्हेगासच्या मार्क स्टोनची पाठही खरोखर दुखत होती. जानेवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला पुनरागमन आणि फ्लोरिडाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात हॅटट्रिक. पुढच्या वर्षी त्याच्या प्लीहेला इजा झाली, त्या जागेत व्हेगासने टोमास हर्टल आणि नोआ हॅनिफिन यांच्यासारखे खेळाडू आणले, आणि स्टोन पुन्हा पहिल्याच सामन्याला तयार. तेव्हा मात्र डॅलसने त्यांना पहिल्या फेरीत सात सामन्यांत हरवलं. २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या मॅथ्यू कचकचं तेच झालं. तो फेब्रुवारीत जखमी झाला, मार्चमध्ये ब्रॅड मारशँड आला, एप्रिलमध्ये कचक परतला आणि जूनमध्ये कप. कचकचे स्नायू हाडापासून सुटले होते आणि तो तसाच खेळत राहिला. दुखापती खऱ्याच होत्या. डॉक्टर घाई करत नव्हते, कारण घाई करण्यात संघाचं नुकसान होतं. हा दोष नियमाचा, आणि तो नियम दहा वर्षं तसाच ठेवणाऱ्यांचा. ज्या संघाचे खेळाडू धडधाकट राहिले, त्याला त्या दहा वर्षांत एप्रिलमध्ये कॅपच्या आतल्याच संघानिशी लढावं लागलं.

जुलै २०२५ मध्ये लीग आणि संघटनेने जो नवा करार जाहीर केला, त्यातले काही बदल वर्षभर आधीच, २०२५-२६ मध्ये लागू केले. प्लेऑफची कॅप हा त्यातला मुख्य. जखमी खेळाडू त्या हंगामात किंवा प्लेऑफमध्ये परतणार असेल, तर त्याच्या बदल्यात मिळणारी मुभा आता जास्तीत जास्त लीगमधल्या सरासरी पगाराएवढीच. त्याचा स्वतःचा पगार कितीही मोठा असो. खेळाडू दुसऱ्या संघाला देताना त्याचा निम्मा पगार आधीचा संघ स्वतःकडे ठेवू शकतो; तिसऱ्या संघाला मध्ये घालून एकाच खेळाडूचा पगार असा दोनदा अर्धा करून घेण्याची युक्तीही जवळपास संपली. दुसऱ्यांदा पगार वाटून घेण्याआधी नियमित हंगामाचे ७५ दिवस जावे लागतात. पगाराचा मोठा भाग करार संपल्यावर देऊन कॅपमधला आकडा कमी करण्याची पद्धतही मोडीत निघाली. कॅरोलायनाने सेथ जार्व्हिसशी २०२४ मध्ये केलेला करार तशाच प्रकारचा होता.

एक मोठा फरक मात्र कराराने तसाच ठेवला आहे. फ्लोरिडा, टेक्सस, नेवाडा आणि टेनेसी या राज्यांत राज्याचा आयकर नाही. ओंटारियो आणि क्युबेकमध्ये सगळ्यात वरच्या उत्पन्नावरचा एकूण कर ५३ टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे माँट्रियलने देऊ केलेले ८० लाख आणि टॅम्पाने देऊ केलेले ८० लाख कॅपच्या दृष्टीने सारखे असले, तरी खेळाडूच्या हातात पडणारी रक्कम बरीच वेगळी असते. बाहेरगावच्या सामन्यांवर तिथल्या राज्याचा कर लागतो, त्यामुळे हा फरक थोडा कमी होतो, मिटत नाही. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत पाच कप आयकर नसलेल्या राज्यांत गेले, कॅनडात शेवटचा कप गेला तो १९९३ मध्ये, माँट्रियलला. दुसऱ्या बाजूने हेही खरं की १९९६ नंतर थेट २०२२ पर्यंत फ्लोरिडा पँथर्स संघाने प्लेऑफची एकही मालिका जिंकली नव्हती, आणि त्या सगळ्या वर्षांत तिथे राज्याचा आयकर नव्हताच. बेटमन या तक्रारीला फारशी किंमत देत नाहीत. करांमधला हा फरक भरून काढण्यासाठी २०३० पर्यंतच्या नव्या करारात कॅपमध्ये कसलीही तजवीज नाही.