साल्व्हिनियाचे दोन सोंडकिडे: दिसायला सारखे, कामाला वेगळे

साल्व्हिनिया मोलेस्टा हा पाण्यावर तरंगणारा नेचा. त्याचे बीजाणू वांझ असतात, पण त्याने त्याचं काही अडत नाही. एक कोंब शाबूत असलेला बोटभर तुकडा तुटून वाहत गेला की तिथे नवं तण सुरू होतं. पाणी उबदार आणि खताळ असेल तर दोन-तीन दिवसांत दुप्पट. झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवरच्या करिबा जलाशयात १९६२ पर्यंत त्याने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकलं होतं. यंत्राने उपसताना तुकडेच तुकडे होतात, म्हणजे उपसणी हीच पेरणी ठरते. म्हणून या तणावर कीटक सोडायचा म्हटलं की सायर्टोबागस या सोंडकिड्याचं नाव पहिलं निघतं.

घोळ इथेच होतो. सायर्टोबागस दोन आहेत: सायर्टोबागस साल्व्हिनिए आणि सायर्टोबागस सिंग्युलॅरिस. दोन्ही सुमारे दोन मिलिमीटरचे, काळे, कोषातून नुकते निघालेले असताना तपकिरी. दोन्ही याच कुळातल्या वनस्पतींवर जगतात. पहिला अख्खी तळी मोकळी करतो. दुसरा वर्षानुवर्षं तणावर राहतो आणि तण जिथल्या तिथे.

मुळात गोंधळ किड्याचा नव्हता, झाडाचा होता. साल्व्हिनिया मोलेस्टा अनेक वर्षं साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजला जात होता. दोघांच्याही पानांवर टोकाला जुळलेले, अंडं फेटायच्या जाळीसारखे केस असतात, त्यामुळे पान पाहून ओळख पटत नाही. मोलेस्टाच्या बीजाणुपेट्या पाण्याखाली लांब माळेत लटकतात, त्या पाहाव्या लागतात. झाड ऑरिक्युलाटा मानल्यामुळे त्याचे शत्रू शोधायला १९६० च्या दशकात लोक ऑरिक्युलाटा जिथे वाढतो तिथे, म्हणजे त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात गेले. तिथून सिंग्युलॅरिस सोंडकिडा, पॉलिनिया हा नाकतोडा आणि सामेआ हा पतंग हाती लागला. सिंग्युलॅरिस १९७० च्या दशकात बोट्स्वानात सोडला, तो तिथे रुळलाही. तण मात्र आटोक्यात आलं नाही.

१९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी मोलेस्टाला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं. मग त्याचं खरं माहेर शोधणं भाग पडलं, आणि १९७८ मध्ये ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथल्या मोलेस्टावरचा सोंडकिडा सिंग्युलॅरिसच समजून ऑस्ट्रेलियात आणला गेला. १९८० मध्ये तो क्वीन्सलँडमधल्या मूनडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात १८,००० टनांच्या घरातलं तण संपलं. ‘तोच’ किडा एका देशात निकामी आणि दुसऱ्या देशात इतका जालीम कसा, हा प्रश्न तेव्हा आला. उत्तर १९८५ मध्ये मिळालं: कॅल्डर आणि सँड्स यांनी ब्राझीलचा किडा वेगळी जात असल्याचं दाखवून त्याला सायर्टोबागस साल्व्हिनिए हे नाव दिलं. थोडक्यात, काम आधी झालं, बारसं नंतर.

आता फरक नेमका कुठे आहे ते पाहू. साल्व्हिनिएचा प्रौढ कोवळ्या कोंबांवर तुटून पडतो. साल्व्हिनियाची सगळी नवी वाढ टोकाच्या आणि पेरांवरच्या कोंबांतून होते. कोंब गेला की त्या फांदीची वाढ थांबली. खाऊन झालेल्या खाचेत मादी एकेक अंडं घालते. पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास दहाएक दिवसांत अळी निघते, आधी कोंब खाते आणि मग आडव्या खोडात शिरून ते आतून पोखरत जाते. तीन-चार आठवड्यांनी ती पाण्याखाली झाडालाच चिकटून कोष करते. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण दीड महिना. कोंब वरून गेलेला, खोड आतून पोकळ. अशा झाडाची दोरीच कापली जाते, पानं तपकिरी होतात, खोड पाणी पितं आणि थर बुडतो.

सिंग्युलॅरिसचा प्रौढ पानं खाण्यात जास्त रमतो आणि त्याची अळी खोडात बोगदा करत नाही, बाहेरूनच खाते. पानं गमावण्याची साल्व्हिनियाला सवय आहे. कोंब आणि खोड शाबूत असेल तर तो काही दिवसांत भरून काढतो. शिवाय साल्व्हिनिएची दाटी चौरस मीटरला शेकड्यांत जाते, तरी तो तणावर तगून राहतो. सिंग्युलॅरिस त्या दाटीला पोचत नाही.

मग जागेवर ओळखायचं कसं? किडा हातात घेऊन नाही. जात ठरवायला नराचं जननेंद्रिय किंवा डीएनए तपासावा लागतो, भिंगाने हे काम होत नाही. पण झाड बरंच सांगतं. तपकिरी पडू लागलेल्या भागातून दहा-वीस झाडं उचला, टोकाचे कोंब आहेत का पाहा, मग खोड नखाने उभं चिरा. आत भुसा भरलेला बोगदा आणि पांढरी अळी दिसली तर काम करणारा किडा आहे. पानांना भोकं आहेत, पण कोंब हिरवे आणि खोड भरीव आहे, तर एक तर किडा चुकीचा आहे किंवा अजून फार थोडा आहे. प्रौढांची मोजणी बर्लीज फनेलने करावी: ठरावीक वजनाची, म्हणजे एक किलो ओली झाडं जाळीवर पसरायची, वर दिवा, खाली भांडं. उष्णतेने झाडं वाळत जातात तसे किडे खाली उतरतात. प्रत्येक वेळी तेवढंच वजन घेतलं नाही तर आकड्यांची तुलना निरर्थक.

सोडण्यात सगळ्यात जास्त फसतं ते विखुरण्यामुळे. थोडेसे किडे पूर्ण तलावभर शिंपडले तर नर-मादीची गाठ पडत नाही. एकाच ठिकाणी सोडा, आणि वाऱ्या-लाटांपासून आडोसा असलेल्या, कोवळ्या हिरव्या वाढीच्या जागी. तरंगत्या चौकटीने ती जागा अडवली तर उत्तम. सुटे किडे मोजून सोडण्यापेक्षा किडा लागलेली झाडंच नेऊन ठेवणं बरं, कारण खोडातल्या अळ्याही सोबत जातात. झाडं बंद पिशवीत उन्हात ठेवली तर ती आंबतात आणि आतले किडे गुदमरून मरतात. सावलीत, ओलसर, हवा लागेल अशी न्यावीत आणि शक्यतो त्याच दिवशी टाकावीत. ज्या पाण्यात साल्व्हिनिया नाही तिथे ही झाडं चुकूनही टाकू नयेत. आणि अर्थात, देशात नव्याने आणायचा किडा यजमान-चाचण्या (तो दुसऱ्या झाडांवर जगत नाही ना, याची तपासणी) आणि सरकारी परवानगीशिवाय सोडता येत नाही, येऊही नये.

योग्य किडा असूनही तो जम धरत नसेल तर झाडातल्या नायट्रोजनकडे बघा. पापुआ न्यू गिनीमध्ये सेपिक नदीच्या पाणथळ भागात सुरुवातीला साल्व्हिनिएही जम धरेना. तिथलं तण पिवळट, उपाशी होतं. सुक्या वजनाच्या सुमारे एक टक्का नायट्रोजनवर मादी पुरेशी अंडी घालत नाही. मग थोड्या भागावर युरिया देऊन झाडं हिरवी केली. तिथे किडे वाढले, झाडांचं नुकसान होताच उरलेल्या कोंबांमधला नायट्रोजनही वाढला आणि पुढे खताची गरज उरली नाही. तण मारायला आधी त्याला खत घालायचं, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. पण छोट्या, अडवलेल्या चौकटीपुरतं ते योग्यच आहे. सगळ्या तलावाला युरिया देणं मात्र वेडेपणा.

थंडी हे दुसरं कारण. तापमान वीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की अंडी घालणं जवळपास थांबतं. अमेरिकेत टेक्सास आणि लुइझियानाच्या उत्तर भागात कडक हिवाळ्यानंतर किडे पुन्हा सोडावे लागतात. तिथेच एक तिसरा पेच आहे. फ्लोरिडात साल्व्हिनिया मिनिमा या लहान नेच्यावर जो सोंडकिडा आहे तो आधी सिंग्युलॅरिस समजला जायचा, मग साल्व्हिनिए ठरला. पण तो ब्राझीलच्या वाणापेक्षा आकाराने लहान आहे आणि डीएनएतही थोडा निराळा. म्हणून नुसतं जातीचं नाव विचारून भागत नाही. वाण कुठून आला आणि कोणत्या झाडावर वाढवला, तेही विचारून घ्यावं.

तणनाशक वापरायचंच असेल तर पट्टे सोडून वापरा. अळी खोडात अडकलेली असते, झाड मेलं की तीही जाते, आणि सगळं फवारलं तर उरलेल्या दोन-चार कोंबांतून तण परत येतं, किडा येत नाही. थर बुडू लागला की कुजणाऱ्या झाडांमुळे पाण्यातला ऑक्सिजन घटतो. लहान, बंद तळ्यात मासे असतील तर बुडण्याआधीच काठाचा मेलेला थर बाहेर काढावा. काढलेला ढीग पाण्याला लागूनच ठेवावा, म्हणजे त्यातले जिवंत प्रौढ चालत परत पाण्यात उतरतील. शेवटी काठाला, वेताच्या बेटात, बंधाऱ्याच्या कोपऱ्यात थोडं तण उरतंच. ते उपटून टाकू नका, किडे आता तिथेच आहेत.