पार्सल कॉफीने पोळलं, तर जबाबदार कोण?

मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ज्युरीने स्टारबक्सला ५ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. घटना फेब्रुवारी २०२० ची. डिलिव्हरी करणारा एक माणूस दुकानाच्या खिडकीतून तीन गरम पेयांचा ट्रे गाडीत घेत होता. त्यातला एक कप खाचेत नीट बसवलेलाच नव्हता. तो कलंडून थेट त्याच्या मांडीवर आला. शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, व्रण कायमचे राहिले. कंपनीने अपील करणार असल्याचं सांगितलं. आणि अशा प्रत्येक बातमीनंतर येतो तोच प्रश्न पुन्हा आला: गरम पेय गरमच असणार, त्यात विकणाऱ्याचा काय दोष?

हा प्रश्न तीस वर्षांहून जुना आहे. ज्या खटल्यामुळे तो जगभर पोहोचला, तो खटला बहुतेकांना चुकीचाच ठाऊक आहे.

२७ फेब्रुवारी १९९२, न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसल्या होत्या. मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीवरून त्यांनी ४९ सेंटची कॉफी घेतली. दूध-साखर घालता यावी म्हणून नातवाने गाडी बाजूला घेऊन उभी केली. गाडीत कप ठेवायला जागा नव्हती. आजींनी कप गुडघ्यांत धरला आणि झाकण स्वतःकडे ओढलं. सगळी कॉफी मांडीवर सांडली. अंगात सुती ट्रॅकपँट होती. कापडाने कॉफी शोषून घेतली आणि तो चिंब कपडा कातडीला धरून राहिला.

बाई स्वतः गाडी चालवत होत्या, गाडी रस्त्यावर धावत होती, असं आजही सांगितलं जातं. दोन्ही खोटं आहे.

घरात आपण याला ‘पोळलं’ म्हणतो. या शब्दाने डोळ्यांपुढे येतो तो लाल झालेला हात, फार तर एखादा फोड. इथे शरीरावरची ६ टक्के त्वचा पूर्ण जाडीपर्यंत गेली होती. मांड्या, नितंब, जांघा. आठ दिवस रुग्णालयात, त्वचारोपण, आणि पुढे दोन वर्षं उपचार. आजींनी कंपनीकडे लाखो डॉलर मागितले नव्हते. झालेला आणि होणारा खर्च म्हणून साधारण २० हजार डॉलर मागितले होते. कंपनीने ८०० देऊ केले. हा आकडा वाचला की मला आजही संताप येतो. तेव्हाच रीतसर पैसे दिले असते, तर हे प्रकरण अल्बुकर्कीबाहेर गेलंही नसतं.

ऑगस्ट १९९४ मध्ये खटला उभा राहिला आणि कंपनीचीच कागदपत्रं बोलू लागली. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवावी, असा कंपनीचा नियम होता. घरची कॉफी साधारण ६० अंशांच्या आसपास असते. १९८२ ते १९९२ या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या आणि काहींना तिने पैसेही दिले होते. कॉफी हातात पडते त्या क्षणी पिण्याजोगी नसते, तोंड-घसा भाजेल, हे गुणवत्ता विभागाच्या अधिकाऱ्याने साक्षीत मान्य केलं. पण विकलेल्या कोट्यवधी कपांच्या मानाने तक्रारी इतक्या थोड्या की नियम बदलायची गरज वाटली नाही, असंही तो म्हणाला. ज्युरीला बोचलं ते हेच. सातशे माणसं त्या हिशेबात किरकोळ ठरली होती.

कपावर सूचना नव्हती, हाही गैरसमजच. सूचना होती, पण ज्युरीला ती पुरेशी वाटली नाही.

निकालात ज्युरीने आजींनाही सोडलं नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. दोष वाटून दिला गेला: ८० टक्के कंपनीचा, २० टक्के त्यांचा. म्हणून २ लाखांची भरपाई १ लाख ६० हजारांवर आली. वर दंडात्मक भरपाई म्हणून २७ लाख डॉलर, म्हणजे कंपनीची कॉफीची साधारण दोन दिवसांची विक्री. न्यायाधीशांनी ती ४ लाख ८० हजारांवर आणली. एकूण ६ लाख ४० हजार. पुढे अपील चालण्याआधीच दोन्ही बाजूंनी तडजोड केली आणि ती रक्कम गुप्त राहिली. लोकांच्या लक्षात मात्र ‘कॉफी सांडली आणि लखपती झाली’ एवढंच राहिलं. नुकसानभरपाईच्या दाव्यांवर मर्यादा घालायला निघालेल्या अमेरिकी मंडळींना तर हे आयतं उदाहरण मिळालं. २००४ मध्ये आजी वारल्या, तोवर त्यांच्या नावाची चेष्टा थांबली नव्हती.

खरा मुद्दा अंशांचा आणि सेकंदांचा होता. त्वचा किती उष्णतेला किती वेळ टिकते, याचे प्रयोग मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्येच प्रसिद्ध केले होते. ४४ अंशांना खोल भाजायला सहा तासांच्या आसपास लागतात, ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद. त्याच्या वर तर कपडा ओढून काढायलाही सवड मिळत नाही. २००८ मध्ये ब्राउन आणि डिलर यांनी चव आणि सुरक्षितता या दोन्हींचा मेळ घालून पिण्याच्या तापमानाचा हिशेब मांडला. तो सुमारे ५८ अंशांवर आला.

तरीही अल्बुकर्कीचा निकाल पुढच्या न्यायालयांनी जसाच्या तसा उचलला नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटासाठीच्या, संघीय अपील न्यायालयात कॉफीयंत्र बनवणाऱ्या बन-ओ-मॅटिकविरुद्धचा दावा टिकला नाही. लोकांना गरम कॉफी हवी असते आणि ती पोळते हे त्यांना ठाऊक असतं, असं न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांनी लिहिलं. २००२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात ३६ जणांनी मिळून मॅकडोनाल्ड्सवर लावलेल्या दाव्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती फील्ड यांनी कंपनीला निर्दोष ठरवलं. सांडली तरी इजा होणार नाही इतकं थंड पेय द्यायचं, तर चहा-कॉफी विकणंच बंद करावं लागेल, असा त्या निकालाचा सूर. तर्क म्हणून तो पटतो. पण त्या ३६ जणांपैकी बरेच जण घटनेच्या वेळी लहान मुलं होती. ‘गरम असतं हे माहीत होतं’ हे उत्तर दोन वर्षांच्या मुलाला कसं लावायचं?

विमानात हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. मायोर्काहून व्हिएन्नाला जाणाऱ्या विमानात वडिलांसमोर ठेवलेला कॉफीचा कप कलंडून शेजारी बसलेली मुलगी भाजली होती. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की प्रवाशांना सेवा देताना वापरलेल्या वस्तूने विमानात इजा झाली, तर विमानप्रवासातल्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार तो अपघातच, म्हणजे जबाबदारी विमानकंपनीची. तो धोका विमानप्रवासाचा खास आहे का, हे बघायची गरज नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि त्यात उत्पादन-दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तू किंवा सेवेमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आलं. बनवणारा, विकणारा, सेवा देणारा, प्रत्येकाची जबाबदारी वेगळी मांडली आहे. मात्र कलम ८७ म्हणतं की उघड किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे ‘चहा गरम आहे’ असं लिहिलं नाही, एवढ्यावर दावा उभा राहणं कठीण.

पण आपला पार्सल चहा आठवून बघा. उकळता चहा पातळ पिशवीत ओततात, तोंडाला पीळ देऊन रबर लावतात, सोबत घोटभर मावेल एवढे कागदी कप, आणि पोऱ्या ती पिशवी बोटाला अडकवून जिना चढतो. चहा गरम आहे हे त्यालाही ठाऊक असतं. पिशवीची शिवण उष्णतेने सुटेल की नाही हे त्याला ठाऊक नसतं, आणि कलम ८७ मधली सूट त्या शिवणीला लागू पडत नाही.