अँटेनाचा पाइप नागपूरच्या अंधडात टिकायचा असेल तर

पाइप मागताना बहुतेक ग्राहक फक्त उंची सांगतात, "वीस फुटी द्या." आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो. डिश केवढी, आणि वरच्या क्लॅम्पच्या वर पाइप किती मोकळा राहणार? पाइप वाकतो तो त्या क्लॅम्पला लागूनच.

आयएस ८७५ (भाग ३) या इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला चौरस मीटरमागे साधारण ११८ किलोचा दाब येतो. ६० सेंटिमीटरच्या भरीव डिशवर ४० किलोहून जास्त रेटा बसतो. ती क्लॅम्पपासून ३ मीटर वर असेल तर दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा), निळ्या पट्ट्याचा पाइप वाकणारच. दोन इंची बी क्लास जेमतेम तग धरतो. अशा ठिकाणी आम्ही दोन इंची सी क्लासच (जाड पाइप) देतो: लाल पट्टा, जाडी ४.५ मिलिमीटर. बेसा, घोगलीकडच्या मोकळ्या ले-आउटमध्ये वाऱ्याला आडोसा नसतो, तिथे पाइपात काटकसर करू नका.

उंची वाढवायला दोन पाइप सॉकेटने जोडू नका. आटे पाडताना जवळपास दीड मिलिमीटर जाडी जाते. ३.२ मिलिमीटर जाडीच्या पाइपात मग अर्धीच उरते, वर जस्त निघाल्याने गंजही तिथेच धरतो.

दोन क्लॅम्पमध्ये किमान १ मीटर अंतर हवं. वरच्याच उदाहरणात ते ३० सेंटिमीटरवर लावले तर खालच्या क्लॅम्पवर साडेपाचशे किलोचा जोर येतो, १ मीटरवर १७० च्या आसपास. साडेचार इंची पॅराफिटच्या विटा हा जोर सोसत नाहीत. जिन्याच्या खोलीचा काँक्रीट कॉलम धरा. तो नसेल तर भिंतीतून आरपार बोल्ट घ्या आणि पलीकडून लोखंडी प्लेट लावा.

मोकळा भाग ३ मीटरहून जास्त असेल तर स्टे वायरचे (पाइपाला बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारेचे) तीन ताण लागतात, एकमेकांपासून १२० अंशांवर. ताण पाइपाला जिथे बांधला त्या उंचीच्या किमान दोन-तृतीयांश अंतरावर खालचा हूक असावा. प्रत्येक टोकाला थिंबल (तारेच्या वळणात बसणारी धातूची खाच) आणि तार आवळणाऱ्या तीन बुलडॉग क्लिपा. क्लिपेचा यू-बोल्ट तारेच्या कापलेल्या टोकावर बसवा, जाड खोबण भार घेणाऱ्या तारेवर. उलट बसली की भाराचीच तार चेपते. टर्नबकल (तार घट्ट करायचा स्क्रू) ताणल्यावर त्यातून बांधणीची तार ओवा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो सुटत जातो.

पाइप आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही अशीच जागा निवडा. अर्थिंग वेगळं घ्या. सोनेगाव विमानतळाच्या परिसरात उंच मास्ट उभारण्याआधी उंचीची परवानगी तपासा.

ऑर्डर देताना डिशचा व्यास, वजन आणि जिथे क्लॅम्प बसणार त्या भिंतीचा फोटो पाठवा.