लिनक्स कर्नलमधील पॅकेट-गळतीचा माग
नेटवर्कवरून आलेले किंवा संगणकाबाहेर निघालेले पॅकेट (माहितीचा लहान तुकडा) कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, वाटेतच टाकून दिल्यास, ते कोठे व कोणत्या कारणाने टाकले हे शोधण्याची पद्धती. कर्नलमध्ये पॅकेट ‘एसके-बफ’ या संरचनेत वावरते. मुक्कामी पोचलेले आणि टाकून दिलेले, अशा दोन्ही पॅकेटांची स्मृती शेवटी मुक्तच केली जाते, त्यामुळे केवळ त्या क्रियेवरून गळती ओळखता येत नाही. ‘नेटस्टॅट’सारखी साधने दाखवतात त्या गणकांतून गळतीची संख्या कळते, पण नेमके पॅकेट कोणते, हे कळत नाही.

या पद्धतीचा आरंभ काटेकोर अर्थाने २०२२ पासून धरता येईल, कारण गळतीचे कारण नोंदवण्याची सोय तेव्हा झाली. तथापि २००९ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते, कारण त्या वर्षीच्या २.६.३० या आवृत्तीच्या सुमारास नील हॉर्मन यांचा ‘ड्रॉप मॉनिटर’ हा गळती नोंदवणारा भाग कर्नलमध्ये आला आणि स्मृती मुक्त करताना गळतीसाठी ‘केफ्री-एसकेबी’, तर सुरळीत समाप्तीसाठी ‘कन्झ्यूम-एसकेबी’ हे फंक्शन वापरायचे असा भेद रूढ होऊ लागला. हा भेद कोड लिहिणाऱ्याच्या निवडीवर अवलंबून असतो. जेथे तो पाळला गेला नाही, तेथे निर्दोष पॅकेटही गळतीत मोजले जाते. ‘केफ्री-एसकेबी’वरील ट्रेसपॉइंट (कोडमधील नोंद घेण्याची ठरलेली जागा) या फंक्शनला कोडमधून हाक कोठून आली तो पत्ता नोंदवतो. मात्र टीसीपी या नेटवर्क-नियमावलीची पॅकेटे स्वीकारणाऱ्या फंक्शनमध्ये चेकसम (पॅकेट शाबूत आहे का हे तपासणारी बेरीज) न जुळणे, सॉकेट (प्रोग्रॅमचे नेटवर्कशी जोडणीचे टोक) न सापडणे अशा अनेक वाटा शेवटी एकाच मुक्ततेच्या ओळीशी येऊन मिळतात. तेथे पत्ता अचूक असूनही कारण गुलदस्त्यातच राहते.

ही उणीव मार्च २०२२ मधील ५.१७ आवृत्तीपासून भरून निघू लागली. पॅकेट टाकतानाच कारणाचा संकेतांक देण्याची सोय झाली आणि नेटफिल्टरचा (कर्नलमधील पॅकेट-गाळणीचा) नियम, सॉकेटचा भरलेला बफर इत्यादी कारणे पुढील आवृत्त्यांत जोडली गेली. संकेतांक न दिलेल्या जागी ‘अनिर्दिष्ट’ अशी नोंद होते. या नोंदी पाहण्यासाठी ‘ड्रॉपवॉच’, ‘पर्फ’ आणि ‘बीपीएफट्रेस’ ही साधने वापरात आहेत.

नेटवर्क कार्डाची रिंग (आलेली पॅकेटे तात्पुरती ठेवण्याची रांग) भरल्यामुळे झालेली गळती मात्र या ट्रेसपॉइंटवर उमटत नाही, कारण त्या पॅकेटासाठी एसके-बफ बनलेलाच नसतो. एक्सडीपी प्रोग्रॅमने (एसके-बफ बनण्यापूर्वीच पॅकेट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) ड्रायव्हरच्या पातळीवर टाकलेल्या पॅकेटांचेही तसेच. रिंगेच्या गळतीसाठी ‘ईथटूल’ या साधनातील कार्डाचे गणक पाहावे लागतात. ५.४ आवृत्तीपासून (२०१९) ड्रॉप मॉनिटर हार्डवेअरने टाकलेल्या पॅकेटांचीही नोंद घेतो, पण त्यासाठी त्या उपकरणाच्या ड्रायव्हरने तशी माहिती पुरवावी लागते.