‘ई एल जी’च्या पलीकडे: बेल्जियन रिव्हॉल्व्हरांवरचे शिक्के

जुन्या बेल्जियन रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर अंडाकृती चौकटीत ‘ई एल जी’ ही अक्षरे दिसली, की अनेकांना बनवणाऱ्याचे नाव सापडल्यासारखे वाटते. खरे तर तो लिएज शहरातल्या प्रूफ हाउसचा, म्हणजे शस्त्रांच्या चाचणीगृहाचा शिक्का. लिएजमधल्या शेकडो हातांतून गेलेल्या मालावर तोच उमटलेला असतो.

तिथल्या प्रिन्स-बिशपने, म्हणजे राज्यही करणाऱ्या बिशपने, १६७२ मध्ये नळ्यांच्या चाचणीचा हुकूम काढला. नेपोलियनच्या १८१० च्या फर्मानाने तिला पक्की घडी बसवली. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची, शाबूत राहिली तर ठसा मारायचा. नळी मजबूत आहे एवढेच तो सांगतो, ती कोणी घडवली ते नाही.

नाव का नसते, याचे उत्तर तिथल्या धंद्याच्या रीतीत आहे. शहरात आणि आसपासच्या गावांत कारागीर घरीच बसून कामे करत. कोणी नळी, कोणी चाप, कोणी मूठ. ‘फाब्रिकां’ म्हणवणारा व्यापारी हे भाग गोळा करून जुळवून घेई आणि गिऱ्हाईक म्हणेल ते नाव घालून, किंवा नाव न घालताच, माल पाठवी. त्यातून नकलांचाही बाजार मोठा. फ्रान्सच्या लफोशो पद्धतीची पिनफायर (काडतुसातून बाहेर आलेल्या पिनेवर घाव बसून उडणारी) रिव्हॉल्व्हरे, इंग्लंडच्या वेबली कंपनीच्या ‘बुलडॉग’ रिव्हॉल्व्हरच्या प्रती, अमेरिकेच्या कोल्ट कंपनीच्या प्रती, सगळे तिथे बनत होते. ‘कोल्ट ब्रेव्हते’ (फ्रेंचमध्ये ‘कोल्ट पेटंट’) असा शिक्का असलेले हत्यार कोल्टच्या कारखान्यातले नसून बहुधा लिएजचे असते.

कारागीर कळला नाही तरी काळ मात्र बऱ्यापैकी कळतो, आणि मला तरी हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो. ‘ई एल जी’च्या डोक्यावर मुकुट असेल तर चाचणी जुलै १८९३ नंतरची, मुकुट नसेल तर त्याआधीची. १८५३ पासून शेजारी एक चिमुकला खांब दिसू लागतो. तो शहराच्या चौकातला ‘पेरों’, लिएजच्या स्वातंत्र्याचे प्रतीक; बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स द बोल्ड याने १४६७ मध्ये तो उचलून ब्रूजला नेला होता आणि ११ वर्षांनी तो परत आला. तपासनिसाच्या अक्षरावर १८७७ पर्यंत मुकुट असे, पुढे तारा. म्हणजे मुकुट नसलेले ‘ई एल जी’ आणि तारा असलेले अक्षर एकत्र दिसले, तर हत्याराची चाचणी १८७७ ते १८९३ च्या दरम्यानची धरायला हरकत नाही.

बनवणाऱ्यासाठी वेगळीकडे पाहावे लागते. मूठ उघडल्यावर फ्रेमवर किंवा नळीच्या बुडाशी आद्याक्षरे सापडू शकतात: मुकुटाखाली ‘ए एफ’ म्हणजे ऑग्युस्त फ्रांकॉत, ‘एच पी’ म्हणजे बहुधा आन्री पीपर. सैन्याला माल पुरवणाऱ्या नागां बंधूंचे नाव मात्र त्यांच्या रिव्हॉल्व्हरांवर उघड कोरलेले असे. रशियाचे १८९५ चे रिव्हॉल्व्हर त्यांच्याच रचनेचे. अशी आद्याक्षरे नळी घडवणाऱ्या कारागिराचीही असू शकतात, आणि नळीवर झोकात कोरलेला पॅरिस किंवा लंडनचा पत्ता पुष्कळदा नुसत्या विक्रेत्याचा निघतो. असा पत्ता असलेल्या नगावरही सिलिंडर उलटून ‘ई एल जी’ आहे का ते आधी पाहावे.