शरीर रॉड 'नाकारतं' तेव्हा नेमकं काय घडतं?

'बॉडीनं रॉड स्वीकारलाच नाही.' मोडलेल्या हाडात बसवलेली पट्टी सैल झाली, बदललेला सांधा काही वर्षांनी दुखू लागला, दाताचं इम्प्लांट हललं की हे वाक्य हमखास कानावर येतं. ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण मूत्रपिंड नाकारल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की आपल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी, त्याच्या पेशींवरची प्रथिनं तपासतात, ती परकी असल्याचं ओळखतात आणि हल्ला करतात. टायटॅनियमच्या स्क्रूवर किंवा सिलिकॉनच्या नळीवर अशी प्रथिनं मुळात नसतात, त्यामुळे ओळखण्यासारखं काही नसतं. निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंची ॲलर्जी काही जणांना असते, ते खरं आहे. पण इम्प्लांट बिघडण्याची नेहमीची कारणं वेगळी असतात: जंतुसंसर्ग, हालचाल आणि झीज. इम्प्लांटशी शरीराचं जे काही घडतं, त्यातलं बहुतेक संयोजी ऊतीत घडतं. ही ऊती मला फार आवडते आणि तिच्याबद्दल फारच कमी लिहिलं जातं.

शाळेत आपण ऊतींचे चार प्रकार शिकतो. त्वचेच्या वरच्या थरात किंवा स्नायूत पेशी एकमेकींना खेटून असतात. संयोजी ऊतीत उलटं असतं. पेशी विरळ आणि त्यांच्या अवतीभवती त्यांनीच तयार केलेलं भरपूर आधारक, म्हणजे पेशींबाहेरचं भरण. हाड, कास्थी, स्नायुरज्जू, त्वचेखालची मऊ विरल ऊती ही सगळी याच घराण्यातली. फरक मुख्यतः आधारकात कशाचे धागे आहेत, ते कसे विणलेत आणि त्यात क्षार आहेत की पाणी, यावरून पडतो.

मुख्य धागा कोलॅजेनचा. याचा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. तीन साखळ्यांचा पीळ, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन, कारण पिळाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत दुसरं काही मावत नाही. असे रेणू एकमेकांपासून थोडे सरकून रचले जातात, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजेनच्या धाग्यावर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो. स्नायुरज्जूत हे धागे ओढ ज्या दिशेला त्याच दिशेला समांतर धावतात, तर त्वचेत टोपलीच्या विणीसारखे आडवेतिडवे जातात. (कोलॅजेनची पावडर पाण्यात घालून प्यायली की ते थेट त्वचेत किंवा गुडघ्यात जाऊन बसतं, असं जाहिराती सुचवतात. पोटात गेलेल्या प्रथिनाचे पचनात तुकडे होतात. आपलं कोलॅजेन आपल्याच पेशी अमिनो आम्लं जोडून नव्यानं विणतात.)

आता या विणीत इम्प्लांट म्हणून एक गुळगुळीत चकती ठेवू.

पहिल्या काही सेकंदांतच तिच्यावर रक्तातली आणि ऊतिद्रवातली प्रथिनं चिकटतात. म्हणजे त्यानंतर येणाऱ्या कुठल्याही पेशीला चकतीचा खरा पृष्ठभाग जवळजवळ कधी भेटतच नाही, तिला भेटतो प्रथिनांचा थर. आधी अल्ब्युमिनसारखी मुबलक आणि चटकन पोचणारी प्रथिनं जागा धरतात. मग संख्येनं कमी पण घट्ट चिकटणारी प्रथिनं त्यांना हुसकावून लावतात. ही अदलाबदल लिओ व्रोमन यांनी दाखवली, म्हणून तिला व्रोमन परिणाम म्हणतात. हे व्रोमन डच भाषेतले नामवंत कवीही होते.

रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन या थरात असतं. पृष्ठभागाला चिकटताना त्याची घडी उलगडते आणि एरवी आत दडलेले त्याचे भाग बाहेर येतात. जखमेत गुठळी झाल्यावर असेच भाग उघडे पडतात. तिथे येणाऱ्या मॅक्रोफेजना, म्हणजे भक्षक पेशींना, तेवढं पुरतं. इथे जखम आहे, काहीतरी खायचं आहे, असा अर्थ त्या काढतात.

आणि त्या खायला बसतात. जंतू किंवा काही मायक्रोमीटरचा कण असेल तर मॅक्रोफेज तो गिळून टाकते. पण चकती तिच्या हजारपट मोठी. मग ती चकतीवर पसरते, कडा चिकटवून खाली एक बंद कप्पा करते आणि त्यात आम्ल, विकरं, ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू सोडते. गिळता येत नाही, सोडवतही नाही. पेसमेकरच्या तारांवरच्या काही प्रकारच्या पॉलियुरेथेन आवरणाला शरीरात भेगा पडत, त्यामागे या पेशींनी सोडलेली रसायनं आणि तारेवरचा ताण असं दुहेरी कारण होतं. पुढे इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ या संदेशांच्या प्रभावाखाली अनेक मॅक्रोफेज एकमेकींत विलीन होतात आणि अनेक केंद्रकांची एक महाकाय पेशी बनते. काही महाकाय पेशींत केंद्रकं मोजता मोजता आपण चुकतो. अशा पेशी इम्प्लांट असेपर्यंत त्याच्या पृष्ठभागावर राहू शकतात.

याच पेशी फायब्रोब्लास्टना, म्हणजे कोलॅजेन विणणाऱ्या पेशींना, बोलावतात. ते बोलावणं मुख्यतः टीजीएफ-बीटा या रेणूचं असतं, आणि तो ज्या प्रकारे मोकळा होतो ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. पेशी हा रेणू एका प्रथिनी आवरणात बंद करून बाहेर टाकते आणि ते आवरण आधारकाला बांधलेलं असतं. फायब्रोब्लास्ट आपल्या इंटेग्रिनांनी, म्हणजे पृष्ठभागावरच्या पकडप्रथिनांनी, ते आवरण धरून ओढते. आधारक मऊ असेल तर ते ओढीबरोबर सरकत येतं आणि आवरण तसंच राहतं. आधारक ताठ असेल तर दुसरं टोक जागचं हलत नाही, आवरण ताणून उघडतं आणि टीजीएफ-बीटा सुटतो. सुटलेला रेणू त्याच पेशीला मायोफायब्रोब्लास्ट बनवतो. आता तिच्या आत गुळगुळीत स्नायूतल्या ॲक्टिन या आकुंचनाच्या प्रथिनाचे जाड दोर तयार होतात, ती आणखी जोरानं ओढते, आणखी कोलॅजेन विणते, आधारक आणखी ताठ होतो आणि पुढचं आवरण आणखी सहज उघडतं. म्हणजे पेशी ओढून ओढून आपल्या परिसराचा ताठपणा मोजते आणि उत्तर आलं की तो वाढवते. मऊ ऊतींचा ताठपणा साधारण किलोपास्कलमध्ये मोजतात, टायटॅनियमचा सुमारे ११० गिगापास्कल, म्हणजे लाखो ते कोट्यवधी पटींनी जास्त. अशा शेजाराजवळ हे चक्र सुरू व्हायला वेळ लागत नाही.

काही आठवड्यांत चकतीभोवती एक आवेष्टन तयार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतं, कारण शेजारची वीण टोपलीसारखी असताना आवेष्टनातले कोलॅजेनचे धागे चकतीला समांतर, एकावर एक पसरलेले असतात आणि त्यात रक्तवाहिन्या कमी असतात. शरीरानं केलेलं हेच ते 'नाकारणं'. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. मात्र रक्तशर्करा मोजणारा संवेदक असेल तर आवेष्टनामुळे त्याला शर्करा नीट पोचत नाही, आणि स्तनातल्या सिलिकॉन इम्प्लांटभोवतीचं आवेष्टन आकसलं तर ते कडक आणि दुखरं होतं.

'शंभर टक्के निष्क्रिय पदार्थ' अशी जाहिरात वाचली की मला टेफ्लॉन आठवतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते कमालीचं निष्क्रिय, म्हणून ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या सांध्याची वाटी त्याची केली. ती झिजली, आणि झिजेच्या कणांभोवती ऊतीत मोठा दाह झाला. खात्री करण्यासाठी चार्नली यांनी टेफ्लॉनचे बारीक कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले, तिथेही गाठी उठल्या. एकसंध वाटी मॅक्रोफेजला गिळता येत नाही, पण कण गिळता येतात, पचवता मात्र येत नाहीत. गिळलेल्या पेशी दाह वाढवणारे रेणू सोडत राहतात आणि त्यानं हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. १९६२ साली चार्नली यांनी कमी झिजणाऱ्या पॉलिएथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली. वर्षांनी सैल झालेल्या सांध्याबद्दल 'बॉडीनं स्वीकारला नाही' म्हणतात, तेव्हा अनेकदा घडलेलं असतं ते हेच: पदार्थ तोच, पण त्याचा चुरा झालेला.

हाडात चित्र थोडं आशादायक आहे. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची दृक्-नळी, म्हणजे आतलं पाहता येईल अशी नळी, बसवत होते. प्रयोग संपल्यावर ती निघेना, कारण हाड तिला येऊन भिडलं होतं. हवा लागताच टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइड बनतं, आणि त्याला हाडाच्या पेशींची हरकत नसते. १९६५ साली पहिल्या रुग्णाला त्यांनी असे दाताचे इम्प्लांट बसवले. मात्र अट कडक आहे. हाड जुळण्याच्या काळात इम्प्लांट हाडाच्या तुलनेत साधारण १५० मायक्रोमीटरपेक्षा जास्त हलत राहिलं, तर तिथे हाडाऐवजी तंतूंचंच आवेष्टन होतं. म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांत 'त्यावर जोर देऊ नका' असं डॉक्टर पुन्हा पुन्हा बजावतात.

खऱ्या दाताच्या मुळाशी मात्र टायटॅनियमची बरोबरी होत नाही. मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो आणि हिरडीतले कोलॅजेनचे धागे त्यात काटकोनात रुतलेले असतात. इम्प्लांटच्या मानेशी, म्हणजे हिरडीतून जाणाऱ्या भागाशी, तेच धागे बहुतांशी समांतर किंवा वर्तुळाकार धावतात, रुतत नाहीत. रुतण्यासाठी समोर कोणीतरी खनिज थर चढवत असावं लागतं. दाताच्या मुळावर त्यासाठी सिमेंटम तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या धाग्यांची टोकं थर चढता चढताच आत धरतात. टायटॅनियमच्या मानेवर अशा पेशी नाहीत.